‘सात दिवसांत लिव्हर साफ’ : आंजीच्या धुऱ्यावरच्या भुईआवळीपासून मोबाईलमधल्या रीलपर्यंत, यात खरं किती?

पावसाळा लागला की वर्धा जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या वावरात, धुऱ्यावर, घराच्या मागच्या अंगणात एक छोटंसं झुडूप उगवतं. चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांच्या खालच्या बाजूला ओळीने लागलेली मोहरीएवढी हिरवी फळं. हीच भुईआवळी. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आंजी (मोठी) असो की आजूबाजूची खेडी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘काविळीचं औषध आहे ते’.

आता हीच भुईआवळी मोबाईलवर आली आहे. ‘सकाळी अनशापोटी हा रस प्या, सात दिवसांत लिव्हर साफ’, ‘फॅटी लिव्हर मुळापासून संपवा’, ‘दारूने खराब झालेलं लिव्हर पुन्हा नवं करा’ अशी रील्स दिवसाला दहा तरी दिसतात. कधी भुईआवळी, कधी गुळवेल, कधी कुटकी, कधी बीट-गाजर-आवळ्याचा रस, तर कधी ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू. रील संपता संपता बाटलीची लिंक येते.

आजीचं औषध आणि रीलवरची बाटली यांत फरक आहे का? लिव्हर खरंच ‘साफ’ करता येतं का? आणि या सगळ्यात कुणाचा जीव धोक्यात येतो? एकेक करून पाहू.

लिव्हरमध्ये कचरा साचतो का?

बहुतेक रील्स एका चित्रावर उभी असतात. लिव्हर म्हणजे पाण्याच्या फिल्टरसारखी जाळी आहे, तिच्यात घाण अडकते आणि अधूनमधून ती धुवावी लागते, असं ते चित्र. दिसायला सोपं आहे, म्हणून पटतं. पण यकृताचं काम तसं चालत नाही.

मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं असतं आणि त्यातून दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त जातं. आतड्यातून शोषलेलं बरंचसं अन्न, औषध आणि दारू आधी इथेच येते. प्रथिनांच्या पचनातून तयार होणाऱ्या अमोनियाचं यकृत युरियात रूपांतर करतं आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. जुन्या लाल पेशी तुटल्यावर निघणारं पिवळं बिलिरुबिन ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. दारूवर दोन टप्प्यांत प्रक्रिया करून ती निरुपद्रवी करतं. म्हणजे यकृत विष साठवत नाही, विषाचं रूप बदलून ते बाहेर पाठवतं. हे काम चोवीस तास चालू असतं, त्यासाठी सात दिवसांचा कोर्स लागत नाही.

यकृतात साचू शकते ती गोष्ट म्हणजे चरबी. ती काढ्याने धुऊन निघत नाही. शरीराने ती जाळावी लागते.

गंमत म्हणजे ‘डिटॉक्स’ हा शब्द वैद्यकशास्त्रात फार आधीपासून आहे, पण तिथे त्याचा अर्थ वेगळा. दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन असलेल्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यातून बाहेर काढणं म्हणजे डिटॉक्स. बाजाराने शब्द उचलला आणि अर्थ तिथेच सोडला.

मग आजी खोटं सांगत होती का?

नाही. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं.

खेड्यात कावीळ म्हणजे बहुतेक वेळा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पसरणारा हिपॅटायटिस ए किंवा ई. महाराष्ट्राला तो नवा नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या मोठ्या साथी येऊन गेल्या. या दोन्ही विषाणूंची खासियत अशी की बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. शरीरच विषाणूला हुसकावून लावतं आणि यकृत स्वतःची झीज भरून काढतं.

आता समजा, डोळे पिवळे झाले म्हणून कुणी आठव्या दिवशी भुईआवळीचा रस सुरू केला आणि विसाव्या दिवशी डोळे पांढरे झाले. श्रेय कुणाला जाणार? अर्थातच रसाला. रस घेतला नसता तरी विसाव्या दिवशी हेच झालं असतं, हे पाहायला कुणाकडे दुसरं शरीर नसतं. आजीने पाहिलं ते खरंच होतं. त्यामागचं कारण मात्र बहुतेक वेळा वेगळं होतं.

याच जागेत लबाडीही शिरली. काविळीची माळ अनेकांनी पाहिली असेल. डोक्यावर किंवा गळ्यात घातलेली छोटी माळ दिवसागणिक लांब होत जाते आणि ‘कावीळ उतरतेय’ असं सांगितलं जातं. माळेत ओल्या काड्यांचे तुकडे विशिष्ट गाठींनी गुंफलेले असतात. काड्या वाळून आकसल्या की दोरा सैल होतो आणि माळ लांबते. ती निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी लांबतेच. हात धुतल्यावर पाणी पिवळं होण्याचा प्रकारही तसाच. आंब्याच्या सालीचा रस आणि चुन्याची निवळी एकत्र आली की पिवळा रंग येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगावच्या चावडीवर आणि शाळांत कित्येक वर्षं करून दाखवत आले आहेत.

माळेने थेट इजा होत नाही. इजा होते ती वाया गेलेल्या दिवसांनी. कारण पिवळे डोळे हे एका आजाराचं नाव नाही. पित्ताच्या नळीत अडकलेला खडा, स्वादुपिंडाचा कर्करोग, हिपॅटायटिस बी, दारूने सुजलेलं यकृत, एखाद्या औषधाची रिअॅक्शन, लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया या सगळ्यांत डोळे पिवळे होऊ शकतात. यांतले बरेचसे आपोआप बरे होत नाहीत. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तिच्यासाठी माळेत घालवलेला आठवडा फार महाग पडतो.

भुईआवळी प्रयोगशाळेत गेली तेव्हा

वनस्पतीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनीही ही गोष्ट ऐकावी अशी आहे.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे अमेरिकी शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. पुढे त्यांनी मद्रासच्या एस. पी. त्यागराजन यांच्यासोबत भुईआवळीवर काम केलं. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात त्यांचा निबंध आला. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात कायम बाळगणाऱ्यांपैकी काहींना ३० दिवस भुईआवळीची पावडर दिली आणि काहींना नुसती औषधासारखी दिसणारी पूड दिली. भुईआवळी घेतलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण फक्त ४ टक्के होतं.

जगभर खळबळ उडाली. इतकं स्वस्त, कुठेही उगवणारं झुडूप हिपॅटायटिस बी घालवतं म्हणजे क्रांतीच. मग थायलंड, न्यूझीलंड अशा देशांत तोच प्रयोग पुन्हा झाला. तसा निकाल पुन्हा आला नाही. २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले आणि भुईआवळीचा हिपॅटायटिस बीवर पटण्याजोगा फायदा दिसत नाही, असा निष्कर्ष काढला.

या गोष्टीत भुईआवळीची चेष्टा नाही. उलट तिला सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर संधी मिळाली, तीही नोबेल विजेत्याच्या हातून. परीक्षेत ती अपेक्षेइतकी उतरली नाही, एवढंच. रीलमध्ये मात्र १९८८ सालचा निकाल दाखवला जातो आणि पुढची २३ वर्षं गाळली जातात.

कुटकीचं थोडं वेगळं आहे. कामला म्हणजे काविळीवर आयुर्वेदात तिला मोठं स्थान आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यापासून ‘पिक्रोलिव्ह’ नावाचा अर्कही तयार केला. पण कुटकी आपल्याकडच्या वावरातली नाही. ती हिमालयाच्या उंचीवर वाढते, मूळ उपटूनच काढावी लागते आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या ‘शुद्ध कुटकी’च्या पुडीत नेमकं काय आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मुंबईत गुळवेलीने दिलेला धक्का

कोरोनाच्या काळात गुळवेल घराघरांत पोहोचली. आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी तिची शिफारस केली होती. गुळवेल कडुनिंबावर चढलेली असली की उत्तम, असं मानणारे लोक वेल तोडून रोज काढा पिऊ लागले.

सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे अनुभव शास्त्रीय नियतकालिकात मांडले. आयुष मंत्रालयाने त्यावर लगेच हरकत घेतली. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खात्री केलेली नाही आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल त्यांनी घेतली असावी, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. तो मुद्दा पूर्णपणे चुकीचा नव्हता. गुळवेलीच्या जवळची, खोडावर जास्त गाठी असलेली एक जात खरंच आहे आणि ती यकृताला त्रास देते असं मानलं जातं.

पण प्रकरण तिथे संपलं नाही. २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून असं दिसलं की गुळवेलीमुळे होणारी इजा बऱ्याचदा ‘ऑटोइम्युन’ प्रकारची असते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर चालून जाते. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते, असं आयुर्वेदही म्हणतो आणि आधुनिक प्रयोगही. ज्यांच्या शरीरात अशा आजाराची सुप्त प्रवृत्ती आहे, त्यांना हाच गुण बाधतो, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून गुळवेल विष ठरत नाही. लाखो लोकांनी घेतली, बहुतेकांना काही झालं नाही. पण ‘नैसर्गिक आहे, मग साइड इफेक्ट कसला’ हे वाक्य खोटं ठरायला तेवढे रुग्ण पुरेसे आहेत.

हळद तर आपली घरचीच ना?

वर्धा जिल्ह्याला हळदीचं वेगळं कौतुक. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिच्यातलं कुरकुमिनचं जास्त प्रमाण हे तिचं वैशिष्ट्य सांगितलं जातं.

भाजीतली चिमूटभर हळद पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जातेय आणि तिची भीती बाळगायचं कारण नाही. प्रश्न आहे तो गोळीचा. कुरकुमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही. म्हणून कंपन्या त्यात काळ्या मिरीचा अर्क घालतात, त्याने शोषण कित्येक पटींनी वाढतं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृत-इजेची नोंद ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाने हळदीच्या गोळ्यांशी संबंधित दहा रुग्ण नोंदवले. त्यांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण होती आणि एकाचा मृत्यू झाला.

एकच वस्तू स्वयंपाकघरात अन्न असते आणि बाटलीत औषध होते. मात्रा बदलली की तिचा स्वभावही बदलतो. हे आयुर्वेदाला नवीन नाही, पण रीलला ते सांगायला वेळ नसतो.

आता मजेशीर भाग बघा. ज्या गावात मोबाईलवर ‘लिव्हरसाठी हळद प्या’ म्हणतात, त्याच गावात कावीळ झालेल्या माणसाची हळद बंद केली जाते. पिवळं खाल्लं की डोळे आणखी पिवळे होतात, अशी समजूत. दोन्हींना आधार नाही. डोळ्यांतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, त्याचा फोडणीतल्या हळदीशी काही संबंध नाही.

‘खडे पडले’ म्हणजे काय पडलं?

ऑलिव्ह ऑइल, लिंबाचा रस आणि एप्सम सॉल्ट रात्री प्यायचं आणि सकाळी संडासात हिरवट खडे पाहायचे, हा ‘लिव्हर फ्लश’ परदेशातून आला. खडे डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे विश्वास पक्का बसतो.

२००५ मध्ये न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशाच एका बाईचा अनुभव मांडला. तिने सोबत आणलेले हिरवे खडे त्यांनी तपासले. त्यांत पित्ताच्या खड्यांमध्ये असणारं कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन, कॅल्शियम काहीच नव्हतं. तेलातल्या आम्लांचा पोटातल्या रसांशी संयोग होऊन तयार झालेले ते साबणाचे गोळे होते. म्हणजे रात्री प्यायलेलं तेलच सकाळी खडे होऊन बाहेर आलं. खरे खडे पित्ताशयात होते तिथेच होते.

पित्ताशयात खरोखरच खडे असलेल्या माणसाने एवढं तेल एकदम प्यायलं, तर पित्ताशय जोराने आवळलं जातं आणि खडा नळीत अडकू शकतो. तिथून पुढे कावीळ, ताप, स्वादुपिंडाला सूज आणि तातडीचं ऑपरेशन.

असाच एक इशारा दुधी भोपळ्याच्या रसाचा. रस कडू लागला तर एक घोटही पुढे पिऊ नये, असं आयसीएमआरच्या तज्ज्ञ समितीने सांगितलेलं आहे. कडू दुधीतली द्रव्यं पोटात रक्तस्राव घडवू शकतात आणि त्याने मृत्यूही झाले आहेत. ‘कडू आहे म्हणजे गुणकारी’ हा हिशोब इथे जिवावर बेततो.

इजा फक्त जडीबुटीने होते का?

नाही, आणि हे सांगितलं नाही तर चित्र अर्धवट राहील. भारतातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांनी औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात सगळ्यात मोठा वाटा टीबीच्या अॅलोपॅथी औषधांचा होता, ४६.४ टक्के. पारंपरिक आणि पर्यायी औषधांचा वाटा १३.९ टक्के होता.

फरक एवढाच की टीबीची गोळी देताना काय होऊ शकतं हे डॉक्टरला माहीत असतं, गोळीत काय आणि किती आहे हे छापलेलं असतं आणि तिच्याशिवाय टीबी जीव घेतो. बिनलेबलच्या पुडीत यातलं काहीच नसतं. काही शास्त्रोक्त औषधांमध्येही धातू असतात. यकृतासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीच्या मूळ पाठात पारा, गंधक आणि ताम्रभस्म आहे. जाणकार वैद्य ती मोजून, ठरावीक दिवस देतो. रील पाहून महिनोन्‌महिने घेणं ही वेगळीच गोष्ट.

विरेचन हा आयुर्वेदातला काविळीवरचा महत्त्वाचा उपचार. पण तो देताना रुग्णाचं बळ, प्रकृती, वय पाहायचं असतं. अशक्त माणूस किंवा गरोदर बाई यांना विरेचन देऊ नये, असं शास्त्रच सांगतं. सगळ्यांना एकच रस आणि सगळ्यांना सातच दिवस, हे आयुर्वेदाच्याही विरोधात जातं. म्हणजे रीलचं ‘डिटॉक्स’ धड अॅलोपॅथी नाही आणि धड आयुर्वेदही नाही.

कायदा काय म्हणतो?

आक्षेपार्ह जाहिरातींविरोधातला ‘ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज’ कायदा १९५४ सालचा. ज्या आजारांवर औषधाचा दावा करून जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत पित्ताशयाचे खडेही आहेत. औषध नियमांच्या ‘शेड्यूल जे’मध्ये कावीळ, हिपॅटायटिस आणि यकृताचे विकार आहेत. हे आजार बरे करतो, असा दावा औषध उत्पादकाने करायचा नाही.

२०१८ मध्ये नियम १७० आला. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी, असं त्यात होतं. जुलै २०२४ मध्ये केंद्राने हा नियम काढून टाकला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालू होतं. न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम काढण्याला स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण बंद करताना ती स्थगितीही उठली.

थोडक्यात, जाहिरात येण्याआधीची चाळणी गेली. १९५४ चा कायदा अजून आहे, पण तो तक्रार झाल्यावर चालतो. आरोग्यावर बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरनी आपली पात्रता सांगावी आणि पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर ते स्पष्ट करावं, अशा सूचना ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्या आहेत. त्या किती पाळल्या जातात, हे कुणीही मोबाईल उघडून पाहू शकतो.

दारूबंदीच्या जिल्ह्यातलं लिव्हर

वर्ध्याची गोष्ट दारूशिवाय पूर्ण होत नाही. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथे १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. तरी हातभट्टी पकडल्याच्या बातम्या नेहमीच्याच. बंदीच्या जिल्ह्यात पिणारा माणूस लपून पितो आणि आजारही लपवतो. दवाखान्यात ‘पिता का?’ हा पहिला प्रश्न येणार, म्हणून तो आधी गुपचूप मिळणाऱ्या काढ्याकडे वळतो. ‘पिणं चालू ठेवा, लिव्हर आम्ही सांभाळतो’ अशा थाटाची जाहिरात नेमकी त्याच्यासाठी असते.

दारू चालू असताना यकृताला वाचवणारी एकही वनस्पती किंवा गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. दारू सुटली तर मात्र यकृताइतका लवकर सावरणारा अवयव नाही. साधी चरबी काही आठवड्यांतच कमी होऊ लागते. फक्त एक काळजी घ्यायची. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात एकट्याने बंद करू नये. हात थरथरणं, भास होणं, झटके येणं असं होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. दवाखान्यात होणारं खरं ‘डिटॉक्स’ यासाठीच असतं.

न पिणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. देशातले अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार भारतातल्या सुमारे ३८.६ टक्के प्रौढांमध्ये दारूशी संबंध नसलेलं फॅटी लिव्हर आढळलं. सरकारने २०२१ मध्येच हा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

मग खायचं काय?

ज्याला पुरावा आहे ती यादी दिसायला साधी आहे, त्यामुळे तिचं रील चालत नाही.

वजन जास्त असेल तर त्यातलं ५ टक्के कमी झालं की यकृतातली चरबी घटू लागते. ७ ते १० टक्के कमी झालं की सूजही उतरते. ८० किलोच्या माणसाला हे सहा ते आठ किलो. एका आठवड्यात नाही, सहा महिने-वर्षभरात.

साखर आधी कमी करायची. दिवसातून पाच वेळा गोड चहा, वर बिस्किटं आणि थंड पेय यातच खूप साखर पोटात जाते. ‘डिटॉक्स’ म्हणून गाळून घेतलेला फळांचा ग्लासभर रसही याच खात्यात जमा होतो. फळ चावून खावं.

ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, तरोटा-घोळ-अंबाडीसारख्या भाज्या, जवसाची चटणी, ताक, बिनसाखरेची कॉफी. वऱ्हाडातलं जुनं ताट यकृताच्या दृष्टीने चांगलंच होतं. आवळा, भुईआवळी, गुळवेल यांना जे स्थान द्यायचं ते या ताटाच्या कडेला, ताटाच्या जागी नाही. फवारणी झालेल्या वावराच्या धुऱ्यावरची कोणतीही पानं पोटात घेऊ नयेत, हे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वेगळं सांगायला नको.

कावीळ झालेल्या माणसाला उपाशी ठेवू नये. तेल, तूप, वरण सगळं बंद करून नुसत्या उसाच्या रसावर ठेवल्याने यकृत सावरत नाही, स्नायू मात्र झिजतात. सिरोसिसच्या रुग्णाला तर निरोगी माणसापेक्षा जास्त प्रथिनं लागतात आणि झोपण्याआधी थोडं खाणं गरजेचं असतं. रस्त्यावरच्या रसात अस्वच्छ बर्फ असेल, तर ज्या पाण्याने कावीळ झाली तेच पुन्हा पोटात जातं.

कधी थांबायचं नाही?

डोळे पिवळे झाले की काढा सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावं. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि उपचार २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. हिपॅटायटिस बीची लसही आहे.

काविळीसोबत माणूस असंबद्ध बोलू लागला, दिवसा झोप आणि रात्री जाग असं झालं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली, पोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, अंगाला खाज सुटून संडास पांढरी होऊ लागली किंवा बाई गरोदर असेल, तर वाट पाहायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

आंजीच्या लोकांसाठी तो फार लांबही नाही. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं कस्तुरबा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रही इथेच आहे. देशातल्या तरुण डॉक्टरांना खेड्यातलं आरोग्य शिकवायला जिथे आणतात, त्यांपैकी हे एक गाव. सेवाग्रामला मोठं रुग्णालय आहे आणि वर्ध्याजवळच्या सालोडला आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय. काढाच घ्यायचा असेल तर तोही शिकलेल्या वैद्याला विचारून घेण्याची सोय आहे.

एक गोष्ट मात्र रुग्णालाच करावी लागते. डॉक्टर रागावतील म्हणून गावठी औषधाचं नाव बहुतेक जण दवाखान्यात सांगत नाहीत. मग डॉक्टर दहा तपासण्या करतात आणि खरं कारण घरच्या फळीवरच्या बाटलीत राहतं. जे घेतलं असेल, पूड, पानं, रस, गोळी, ते पिशवीत टाकून सोबत न्यावं. त्या एका पिशवीने कधी कधी निदानाचे दोन आठवडे वाचतात.